सेकंड इनिंग, व्हाया पनवेल

पनवेल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एक्स्प्रेस-वे, पळस्प्याचा वडापाव आणि एसटी स्टॅण्डवरची गर्दी. पुण्याला जाताना, गोव्याला जाताना आपण पनवेलवरून जातो; मुद्दाम पनवेलला असं कुणी जात नाही. या वीकएण्डला जरा उलट करा. हार्बर लाइनच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहा आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला रिक्षावाल्याला सांगा, 'वडाळे तलाव'.

पनवेल हे खाडीकाठचं जुनं बंदर. नगरपालिका १८५२ सालची, महापालिका झाली २०१६ मध्ये. आता तर विमानतळही शेजारी आलाय. पण बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ या तलावाकाठी आलात, की गावाचा जुना, निवांत वेग सापडतो. पाण्यात कमळं, कडेने चालणारी माणसं आणि बाकांवर साठी उलटलेली मंडळी. नोकरीभर मुंबईची लोकल पकडून आता इथे स्थिरावलेली. मुलं पुण्यात, बंगळुरूत, नाहीतर थेट न्यू जर्सीत. म्हणजे थोडक्यात, तुमचे-आमचे आईबाबा.

आता समजा, यातल्याच एका बाकावर रोज संध्याकाळी 'ते' दोघं येऊन बसतात. ते विधुर, त्या विधवा. शेंगदाण्याची एक पुडी दोघांत. महिन्याभरात गावाला कळतं, दीड महिन्यात मुलांना फोन जातो, आणि मग सुरू होतं, 'या वयात? लोक काय म्हणतील?'

या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर दुसऱ्या दिवशी लवकर गाडी काढा. पनवेलहून सुटणारा गोवा हायवे धरून कोकणात उतरा आणि दापोलीजवळचं मुरुड गाठा. (मॅपवर नीट बघा हं, जंजिऱ्याचं मुरुड वेगळं!) नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचं देऊळ, लांबलचक किनारा. हे धोंडो केशव कर्व्यांचं गाव. पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. पस्तिशीला आलेल्या विधुराने त्या काळी एखाद्या अल्पवयीन मुलीशी सहज लग्न केलं असतं, कुणी काही बोललंही नसतं. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. त्या लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या.

नवरा-बायको मुरुडला आले, तेव्हा गावाने बहिष्काराचा ठराव केला. कर्वे असतील त्या सभेत कुणी बसायचं नाही. घरच्यांनी त्यांना थारा दिला, तर घरच्यांवरही बहिष्कार. ज्या गावाच्या भल्यासाठी ते आधीपासून झटत होते, तेच हे गाव! पण गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि हा संसार १९५० मध्ये त्या जाईपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षं टिकला. कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. आज मुरुडमध्ये त्यांचं स्मारक आहे. 'लोक काय म्हणतील'चं पुढे काय होतं, ते तिथे उभं राहून बघा.

कायदाही तेव्हा अर्धाच सोबत होता. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क जायचा. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. इस्टेटीचा प्रश्न मात्र रद्द झाला नाही. तो आता मुलांच्या मनात आहे. पनवेलसारख्या ठिकाणी, जिथे फ्लॅटचे आणि सातबाऱ्याचे भाव गगनाला भिडलेत, तिथे तर जास्तच. पुण्यात माधव दामल्यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी 'लिव्ह-इन'चं मंडळ काढलं. नातवंडांच्या पिढीचा शब्द आजी-आजोबांनी उचलला, कारण सोबत तर हवी होती, पण लग्न म्हटलं की इस्टेट, पेन्शन आणि मुलांची नाराजी आडवी येत होती.

यातली पहिली भीती तशी सोपी आहे. दुसरं लग्न झालं तर जोडीदार आणि मुलं दोघंही वारस ठरतात, आणि स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. वकिलाकडे एक चक्कर, दोन साक्षीदार, सगळ्यांसमोर बोलणं. संपला विषय!

नाराजीचं मात्र मृत्युपत्र होत नाही. मुरुडकरांनी निदान उघड ठराव तरी केला. आपण ठराव करत नाही, फक्त फोन कमी करतो. 'बिझी होतो गं' म्हणतो. एकट्या आईसाठी किंवा बाबांसाठी हा बहिष्कार त्या जुन्या बहिष्कारापेक्षा सौम्य असतो, असं समजू नका.

तेव्हा पुढच्या वेळी घरी जाल, तेव्हा आईला किंवा बाबांना एकटं गाठा. तलावावर, खाडीवर, समुद्रावर, कुठेही. आणि औषधं वेळेवर घेता का, हे विचारून झालं की आणखी एक विचारा, 'संध्याकाळी बोलायला कुणी आहे का गं?' उत्तर 'हो' आलं, तर पुढचा प्रश्न 'कोण?' असू दे. 'या वयात?' नको.