वारा सरला का?

अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमोच्या सहा सायकली झाल्या, सात महिने बरे गेले आणि आईचा आजार उलटला. त्या दिवाळीत तिचं पोट साफ होईना. मी इसबगोल दिलं, मावशीने एरंडेल पाजलं. घरोघरी हेच करतात. रात्री कळांनी आई दुमडून गेली आणि पहाटे हिरवीगार उलटी झाली.

हॉस्पिटलात पहिला प्रश्न आला, "वारा सरतो का?" आई लाजली. मलाही सांगता येईना. याकडे कोण लक्ष देतं?

सरत नव्हता. सीटी स्कॅनमध्ये कळलं, आतडं अडलंय. हा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरतो, आतड्याला बाहेरून दाबतो, चिकटवून टाकतो. "एकाच जागी अडलं असतं तर ऑपरेशनचा विचार केला असता," सर्जन म्हणाले, "इथे चार-पाच जागा आहेत." पुढे वाट बंद आणि मागून रेटा, असं आमच्या एरंडेलाने केलं होतं. ते अजून मनातून जात नाही.

मग नाकातून पोटात नळी घातली. पहिल्याच दिवशी पिशवीत दीड लिटर हिरवं पाणी जमलं. तोंडाने काही नाही, नुसतं सलाईन. सूज उतरायला डेक्सामेथासोन, आतड्यात पाझरणारा रस कमी व्हावा म्हणून ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं. आईचा सगळा राग मात्र नळीवर. "नाकात घालायचीच तर नथ घाला," म्हणायची.

पाचव्या रात्री तिने मला हलवून उठवलं. "सरला." एवढंच. आम्ही दोघी तोंडावर हात धरून इतक्या हसलो, की शेजारच्या खाटेवरच्या आजी जाग्या झाल्या.

घरी मऊ गुरगुट्या भात, गाळलेलं वरण, ताक, साल-बिया काढून शिजवलेला दुधी. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. चिंचोळ्या वाटेत चोथा अडकतो, म्हणून भाकरी, मेथी, पेरू बंद. जन्मभर आम्हाला पालेभाज्या खायला लावणाऱ्या बाईला हे पटायला आठवडा लागला. वारा, शौच, उलटी, कळ यांची मी वही ठेवली. रोज चहाआधी विचारायची, "सरला का?"

पुढे पाच महिने ती होती. त्यात दोनदा नळी पुन्हा घालावी लागली.

घरात असा आजार असेल, पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारा सरत नाहीये, तर आपल्या मनाने रेचक देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.