स्टील की टायटॅनियम?

आमच्या देगलूरकडे अपघात झालेल्या माणसाची चौकशी करताना एक प्रश्न ठरलेला असतो, 'रॉड टाकला का?' तो कशाचा, हे सहसा कुणी विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी अण्णा मोटारसायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि नांदेडच्या दवाखान्यात आम्हाला दोन दर सांगितले गेले. एक स्टीलचा, दुसरा टायटॅनियमचा, बराच जास्त. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. पण घरात इंजिनिअर मी एकटाच.

"टायटन म्हंजे घड्याळवालं का रे?" अण्णांनी विचारलं.

त्या रात्री व्हरांड्यात बसून मोबाइलवर वाचत राहिलो. या रॉडना नुसतं टायटॅनियम म्हणतात, पण बहुतेकदा तो मिश्रधातू असतो: शंभरात ६ भाग अॅल्युमिनियम, ४ भाग व्हॅनेडियम, उरलेलं जवळपास सगळं टायटॅनियम. १९५०च्या दशकात अमेरिकेत तो विमानांसाठी पुढे आला. घनता ४.४३, स्टीलची आठच्या आसपास. म्हणजे वजन निम्म्याच्या जरा वर आणि ताकद चांगल्या पोलादाच्या तोडीची. इस्रोच्या रॉकेटमधल्या दाबाखालच्या वायूच्या टाक्याही याच्याच.

हाडाच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण वेगळा आहे. हाडाचा ताठपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल, या मिश्रधातूचा ११० च्या पुढे, स्टीलचा २०० च्या आसपास. रॉड फार ताठ असला की भार तोच उचलतो, आणि काम नसलेलं हाड विरळ होत जातं. शिवाय टायटॅनियमवर हवेतल्या ऑक्सिजनने अतिशय पातळ थर धरतो. खरवडला तरी दुधावरच्या सायीसारखा पुन्हा येतो. म्हणून शरीरातल्या खारट पाण्यात तो गंजत नाही.

महाग का, तेही कळलं. टायटॅनियम दुर्मिळ नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात त्याचं ऑक्साइड दोनेक टक्के असतं, रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे. पण तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजनला सोडत नाही, म्हणून ते वेगळं करायला मॅग्नेशियम लागतं आणि वितळवायला निर्वात भट्टी. लेथवर उष्णता वाहून नेत नाही, हत्यारं लवकर झिजतात. केरळात चवऱ्याला टायटॅनियमचा स्पंज होतो, हैदराबादच्या मिधानीत मिश्रधातू होतो. देगलूरहून हैदराबाद किती लांब?

सकाळी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "यांचं हाड दोन्हींनी जुळेल." अण्णा लगेच म्हणाले, "मग स्टीलच टाका. सोयाबीनचे पैसे यायचेत अजून." आई काही बोलली नाही, तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. आम्ही टायटॅनियम टाकला. माझं वाचन खरं होतं, पण निर्णय त्याने झाला नव्हता. अण्णांसाठी स्वस्तातलं घेतलं, हे वाक्य घरात कुणालाच नको होतं.

आता गावाकडून असेच फोन येतात. मागच्या महिन्यात एका मुलाने विचारलं, "दादा, आम्ही स्टीलचाच टाकला. वडलांना कमी तर नाही ना केलं?" मी त्याला गिगापास्कल सांगितले नाहीत. स्टीलच्या रॉडवर आजवर असंख्य माणसं चालती झाली आहेत, आणि डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पाय टेकवणं, रोजचा व्यायाम आणि तंबाखू बंद करणं याचा हाडाला धातूपेक्षा जास्त उपयोग होतो, एवढं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "तंबाखूचं तुम्हीच सांगा त्यांना," आणि फोन वडलांकडे दिला.