जामीनदाराचा जेलकोट

कुणाला जामीन राहू नये, हे बँकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला चांगलंच कळतं. पण त्या माणसाला मेहुणाही असतो. आमच्या मेहुण्यानं मालवणजवळ फायबरच्या होड्या बांधायचं काढलं, तेव्हा कर्जाच्या कागदांवर माझी सही पडली. कर्ज दुसऱ्या बँकेचं. आमच्या बँकेला मी पुरेसा ठाऊक आहे.

आता, सही केलेला माणूस सल्ला दिल्यावाचून राहत नाही. गणपतीच्या सुट्टीत मी थेट शेडवर जाऊन तपासणीच सुरू केली.

मेहुण्यानं समजावून सांगितलं ते अजबच होतं. आपण घर बांधतो आणि रंग शेवटी देतो. इथे उलट. आधी लाकडी नमुन्यावरून होडीचा साचा करायचा. त्याला आतून मेण घासायचं आणि त्यावर पहिल्यांदा द्यायचा तो रंग, म्हणजे जेलकोट. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो चिकट असतानाच काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर चढवायचे. म्हणजे नवरदेवाला आधी फेटा बांधायचा आणि मग त्याच्या अंगात हाडं भरायची! होडी साच्यातून निघते ती नटूनथटूनच.

"आणि भावोजी, खरा प्रश्न आहे तो जेलकोट कुठला, हा," म्हणत त्यानं दरपत्रक पुढे केलं. ऑर्थो सगळ्यांत स्वस्त, पण पाण्यात मुरायला कच्चा. पाणी हळूहळू आत झिरपतं आणि अंगावर फोड उठतात. आयसो त्याहून पक्का. एन.पी.जी. घातलेला आयसो ऊनपाणी दोन्ही सोसतो आणि भावही तसाच खातो. शेवटी व्हिनाइल एस्टरचा, खास साच्यासाठी. त्याची किंमत वाचून मी चष्मा पुसला.

रसायनशास्त्राशी माझा संबंध चहापुरता. पण मी बी. कॉम. आहे आणि दरपत्रक समोर आलं की आमचं बोट आपोआप सगळ्यांत खालच्या आकड्याकडे जातं. मी निकाल दिला, "होडी समुद्रात जाणार, तिला चांगला एन.पी.जी. घे. साचा काय, शेडमध्ये सावलीतच बसणार! त्याला ऑर्थो पुष्कळ झाला."

"नाही, पण साच्याचं जरा वेगळं असतं..."

"वेगळं म्हणजे महाग ना?"

तो गप्प बसला. जामीनदाराशी वाद घालायची सोय कर्जदाराला नसते. मी मात्र कर्जाचा एक हप्ता वाचवल्याच्या समाधानात उकडीचे मोदक दोन जास्त खाल्ले.

पहिल्या दोन होड्या आरशासारख्या निघाल्या. तिसरी जरा मंद. पाचवीच्या वेळी साच्याच्या अंगावर बारीक भेगांची जाळी दिसू लागली, आणि सहावी होडी साच्यातून निघेचना! पाचरी झाल्या, लाकडी हातोडा झाला, फटीत पाणी सोडून झालं. शेवटी निघाली ती साच्याचे टवके बरोबर घेऊन.

हे मला कळलं भाऊबिजेला. सौ. ओवाळत होती आणि मेहुणा पाटावर असा बसला होता, की मला वाटलं ओवाळणीत टाकायलाही काही नसावं. जेवणानंतर शेडवर गेलो. तो म्हणाला, रेझिन घट्ट होताना तापतं, आणि ओल्या जेलकोटातलं स्टायरीन खालच्या थराला चावतं. होडीला समुद्राचा त्रास, साच्याला होडीचा. तोही दर होडीला नव्यानं. म्हणून साच्याचा जेलकोट कडक, उष्णता सोसणारा घ्यायचा आणि होडीच्या जवळजवळ दुप्पट जाड द्यायचा. पुन्हा काळा किंवा हिरवा. म्हणजे होडीचा पांढरा कुठे पातळ बसला ते लगेच दिसतं.

मी साच्याकडे बघत राहिलो. होडीचा जेलकोट होडीबरोबर विकला जातो, तो महसुली खर्च. साच्याचा प्रत्येक होडीला पुरतो, तो भांडवली खर्च. कॉलेजात हा फरक पाठ केला होता, परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते. आणि इथे भांडवलातच काटकसर करून मी मेहुण्याचा हप्ता थकवला होता.

तेवढ्यात सौ. मागून आली. साच्याचे टवके बघून तिनं भावाला विचारलं, "हा असला रंग लावायला सांगितला तरी कोणी तुला?"

मी उगाचच ब्रश हातात घेतला.

"दुकानदारानं," मेहुणा म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

नशीब, लाकडी नमुना शाबूत होता. नवा साचा केला तो व्हिनाइल एस्टरचा, काळा कुळकुळीत. डब्याचे पैसे मी माझ्या बोनसमधून गुपचूप भरले. घरी सांगितलं, दुकानदारानं चूक कबूल करून डबा फुकट दिला.

"बघा," सौ. म्हणाली, "माणूस वाटला होता तितका वाईट नाही हो."