मोजणारी माणसे

संशोधक म्हटला की पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि विसरलेले जेवण, असे चित्र माझ्या डोळ्यांसमोर यायचे. माणसांना प्रश्न विचारत हिंडणे हेही संशोधन असते, आणि त्यात आयुष्य घालवता येते, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

डॉ. सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. दिल्लीच्या 'एम्स'सारख्या नामांकित वैद्यकीय संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना भेदभावाची वागणूक मिळते, असे त्यांच्या समितीने २००७ साली अहवालात लिहिले. डॉक्टर घडतात तिथेच ही गत, मग रोग्याचे काय?

ते डॉ. संघमित्रा आचार्य यांनी पाहिले. गुजरात-राजस्थानातील खेड्यांत त्यांनी २०० दलित मुलांचा अभ्यास केला. प्रश्न साधेच. औषध देताना हात लागू देतात का? नर्स घरात येते का? तपासायला वेळ किती देतात?

१९२९ साली काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण बायकोला डॉक्टरने हात लावला नाही. थर्मामीटरसुद्धा तिसऱ्याच्या हातून दिला. ती दगावली. बाबासाहेबांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. पण एकाच हकिकतीला लोक 'अपवाद' म्हणून बाजूला सारतात. दोनशे मुलांना कसे सारणार?

माझे बाबा नवी मुंबईत कंत्राटावर साफसफाईचे काम करतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा खोकला हटेना. एका दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी न लावता टेबलापलीकडूनच चिठ्ठी लिहून दिली. जातीमुळे, कपड्यांच्या वासामुळे, की बाहेर रांग लांब होती म्हणून? बाबांना तिन्ही कारणे पटतात; तक्रार एकाचीही नाही. (याचाच मला जास्त राग येतो.) एकट्या बाबांवरून उत्तर निघणार नाही. पण आमच्या तुर्भ्याच्या वस्तीत दोनशे घरांत विचारले तर?

आई मार्केटात कांदे निवडते. तिला हा बेत सांगितला, तर म्हणाली, "लोकांची दुखणी विचारत फिरायचं, त्याचा पगार देतात व्हय?" देतात, म्हणाले. एम. ए., मग पीएच. डी. तिने बोटांवर वर्षे मोजली. "म्हंजे तू सत्तावीसची हुशील. तवर बापाची छाती टिकाया पायजे."

रेल्वेभरतीचा अर्ज मी याच आठवड्यात भरला. आणि एका जुन्या वहीत रकानेही आखले आहेत : वय, काम, दुखणे, डॉक्टरांनी हात लावून तपासले का.