नकाशा हातात घेऊन

लंडनमध्ये ‘सिटी’ म्हटले की सारे शहर डोळ्यांपुढे आणू नये. थेम्स नदीच्या उत्तर काठावरचा जेमतेम चौरस मैलाचा जुना भाग, त्यालाच तिथले लोक ‘सिटी’ म्हणतात. रोमन लोकांनी बांधलेल्या तटाचे तुकडे आजही तिथे काचेच्या इमारतींच्या पायाशी उभे आहेत. 1666 च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, पण घरे पुन्हा उभी राहिली ती बहुतेक जुन्याच गल्ल्यांवर. म्हणून बँका आणि कचेऱ्यांच्या या भागात रस्त्यांची नावे अजून बाजारातली आहेत: ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, आयर्नमाँगर लेन. आपल्या पुण्याच्या तांबट आळी, बोहरी आळीसारखीच! सुट्टीच्या दिवशी कचेऱ्या बंद झाल्या की या गल्ल्या ओस पडतात आणि पळायला मोकळ्या होतात.

इथे 2008 पासून ‘लंडन सिटी रेस’ नावाची शर्यत भरते. हा ओरिएंटीअरिंगचा खेळ आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणे क्रमाने शोधायची आणि कमीत कमी वेळात शेवट गाठायचा. खेळाचा जन्म स्वीडन-नॉर्वेकडचा. लोकांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा 1897 साली नॉर्वेत झाली. मुळात हा रानावनातला खेळ, पुढे तो शहरांच्या गल्ल्यांतही आला.

माझी भाची लंडनला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी रजा काढून गेले होते. एरवी ती स्वतः या शर्यतीत धावते. त्या सप्टेंबरात बाळ लहान होते, तेव्हा ती म्हणाली, “खाला, तुम्ही इतकी वर्षे मुलांना नकाशा शिकवता. आता एकदा नकाशावर चालूनही बघा.” तिने माझे नाव सर्वांत छोट्या गटात घातले. फोनवर घरी सांगितले, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, “एकटी?”

हा प्रश्न आपल्या घरांतल्या कितीतरी बायकांच्या ओळखीचा आहे. माहेरी अब्बा किंवा भाई सोबत, सासरी शौहर, पुढे मुलगा. यात माया असते, काळजी असते. पण वाट नेहमी दुसऱ्याच्या डोक्यात राहते, आपण मागून चालतो. चाळिशी ओलांडली तरी शेजारच्या शहरात स्टेशनाबाहेर पडल्यावर उजवीकडे वळायचे की डावीकडे, हे ठरवायची वेळच येत नाही.

शर्यतीचे नियम सोपे आहेत. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतात, म्हणून पुढच्याच्या मागे लागून भागत नाही. वेळ सुरू झाल्यावरच नकाशा उघडायचा. त्यावर जांभळ्या रंगाचा त्रिकोण म्हणजे सुरुवात, वर्तुळे म्हणजे शोधायची ठिकाणे, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट. प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या-नारिंगी कापडाची खूण टांगलेली असते. तिथल्या पेटीत बोटाला बांधलेली प्लास्टिकची कांडी घातली की ‘टीं’ वाजते आणि वेळ नोंदली जाते. एक खूण जरी सुटली, तरी निकाल बाद. मोबाइलवर वाट बघायची नाही. कपड्यांची अडचण नव्हती. सलवार-कमीज, डोक्याला घट्ट दुपट्टा आणि पायांत बूट एवढ्यावर माझे भागले. सत्तरी ओलांडलेल्यांचेही वेगळे गट होते आणि त्या आजीबाई माझ्यापेक्षा तुरुतुरु पळत होत्या.

आमचा नकाशा 1:5000 प्रमाणाचा होता, म्हणजे एक सेंटिमीटरला 50 मीटर. वर्गात आपण भारतीय सर्वेक्षण विभागाचा जो स्थलदर्शक नकाशा दाखवतो, तो 1:50,000 चा असतो. त्यात एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर जातो. इथे मात्र जिना, कुंपण, इमारतीखालचा बोळ, सारे काही दिसते. जाड काळी रेघ म्हणजे ओलांडायची नाही अशी भिंत. गडद हिरवट रंग म्हणजे खासगी बाग, तिथे पाऊल टाकायचे नाही.

नकाशा उघडल्यावर पहिले काम पळण्याचे नाही, आपण कुठे उभे आहोत ते ओळखण्याचे. मग नकाशा फिरवून समोरच्या रस्त्याशी जुळवायचा. दक्षिणेकडे जायचे असेल तर दक्षिण वर. ‘वर नेहमी उत्तर’ असे शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे आधी विचित्र वाटले. मग आठवले, अल-इद्रिसीने 1154 साली सिसिलीच्या राजासाठी केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिणच वर आहे. भाचीच्या घरी पहिल्या दिवशी जानमाज अंथरतानाही हेच झाले होते. महाराष्ट्रात आपण पश्चिमेकडे तोंड करतो, लंडनमध्ये किबला आग्नेयेकडे येतो. काबा आपल्या जागीच आहे. आपली जागा बदलली की दिशा बदलते.

पहिल्या चार खुणा गल्ल्यांत सापडल्या. खरी कसोटी बार्बिकनमध्ये लागली. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या जागेवर उभारलेली ही वसाहत. चाळीसहून जास्त मजल्यांचे तीन मनोरे, मध्ये तळे, आणि जमिनीपासून वर उचललेल्या पायवाटा. नवख्यांना वाट सापडावी म्हणून जमिनीवर पिवळा पट्टा रंगवला आहे, यावरून काय ते समजा! माझी पाचवी खूण नकाशावर दोन बोटांवर होती, पण ती वर की खाली? सोबतच्या वर्णनपत्रिकेत वरच्या पातळीची खूण होती. सरळ जावे तर भिंत. एक तरुण माझ्याजवळून वाऱ्यासारखा खालच्या रस्त्याने गेला. त्याच्यामागे जावेसे वाटले. पण त्याचा गट वेगळा, त्याची वर्तुळे वेगळी. मी उभी राहिले, बोट नकाशावर ठेवले, जिना शोधला, लांबून वळसा घालून वर चढले. कोपऱ्यावर कापड दिसले. कांडी घातली. टीं! अल्हम्दुलिल्लाह!

त्या क्षणी लंडनमध्ये मी कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. मला मात्र ठाऊक होते. हा आनंद कसा सांगू?

शेवटच्या पेटीपाशी भाची बाळाला घेऊन उभी होती. माझा नंबर शेवटून तिसरा, पण सगळ्या खुणा बरोबर आणि क्रमाने. माझ्या किती तरी आधी पोहोचलेला एक मुलगा निकालाच्या कागदाकडे बघत डोके खाजवत होता; घाईत त्याची एक खूण सुटली होती.

परत आल्यावर मी आठवीच्या मुलींना घेऊन शाळेच्या आवाराचा नकाशा काढला. मैदान पावलांनी मोजले. पाण्याची टाकी, कडुनिंब, मुतारीची भिंत, मागचे फाटक. आठ ठिकाणी रंगीत चिंध्या बांधल्या. प्रत्येक चिंधीखाली एक अक्षर लिहिले, म्हणजे पेटीची गरज नाही. दोन-दोन मिनिटांनी एकेक मुलगी सोडली. खर्च झाला तो झेरॉक्सचा. पुढच्या महिन्यात मोहल्ल्याचा नकाशा झाला: मशीद, पिठाची गिरणी, दवाखाना, एसटीचा थांबा. एका मुलीच्या अम्मीने विचारले, “बाई, हे परीक्षेला येते का?” मी म्हटले, “नाही, पण उद्या कॉलेजला दुसऱ्या गावी जाईल तेव्हा लागेल.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी मी पण येऊ?”

त्या आल्या. पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, मग समोरच्या कडुनिंबाशी जुळवला आणि कुणालाही न विचारता चालू लागल्या.