पंख्याची घरघर

मानपूरला मावशीकडे गेलो होतो, तिच्या ओव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला. इंदूरहून महूमार्गे आग्रा-मुंबई रस्त्यावरचे हे गाव. पुढे घाट उतरला की निमाड. रेकॉर्डिंग ऐकतो तर ओवीपेक्षा पंख्याचीच घरघर मोठी! गोव्यात दोष दमट हवेला, इथे माळव्याच्या धुळीला. लॅपटॉप गादीवरून पाटावर ठेवला, खालची जाळी मोकळी झाली; फरक थोडाच. मग बंद करून, बॅटरी काढून मागचे झाकण उघडले. पात्यांना चक्क गोधडीचा कापूस! पाती दातकोरणीने अडवून ब्रशने झाडली. घरघर गेली, बारीक खरखर उरली. म्हणजे बेअरिंगच झिजलेले.

मावशी म्हणाली, "अरे, वहीत लिहून घे ना."

पण चाल वहीत कशी उतरणार? शेवटी लॅपटॉप शेजारच्या खोलीत ठेवला आणि लांब वायरचा माईक दाराखालून तिच्या जात्यापाशी नेला.