एक यंत्र, तीन अंमल

एकाच संगणकावर विंडोज, लिनक्स आणि फ्रीबीएसडी अशा तीन प्रणाली नांदवू इच्छिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो अधिकाराचा. एकाच डिस्कचे विभाग पाडून प्रत्येकीस एकेक नेमून द्यावा, ही जुनी वहिवाट. परंतु डॉस 2.0 बरोबर 1983 साली रूढ झालेल्या त्या व्यवस्थेत आरंभीच्या अवघ्या 512 बाइटांच्या जागेत यंत्र सुरू करण्याचा हुकूमही असे आणि चार विभागांची नोंदही, व मागाहून येणारी विंडोज पूर्वीच्या मालकाची वास्तपुस्त न करता तो हुकूम खुशाल बदलून टाकी.

ही भानगड मुळातच नको, म्हणून मी प्रत्येक प्रणालीस स्वतंत्र ड्राइव्ह बहाल केला आणि कॅबिनेटच्या दर्शनी बाजूस, जेथे एके काळी सीडीचा ड्राइव्ह असे, त्या सव्वापाच इंची खणात सरकत्या ट्रेचा रॅक बसवला. यंत्र पूर्ण बंद करावे, एक ट्रे काढावा, दुसरा सारावा, बटण दाबावे, एवढाच विधी. लिनक्सची नवी आवृत्ती चढवताना विंडोजचा ड्राइव्ह कपाटात असल्यामुळे कितीही अविचारी आज्ञा दिली तरी तिचा हात तेथवर पोहोचत नाही, हे स्वास्थ्य लहान नव्हे. नुसती केबल काढून लावूनही हे साधते. पण साटाच्या प्रमाणकात केबलच्या जोडणीची आयुर्मर्यादा सुमारे 50 वेळा काढण्या-घालण्याची धरली आहे, तर रॅकमधल्यासारख्या जोडणीची 500 वेळांची.

तथापि भाऊ विभक्त झाले तरी विहीर सामाईक राहते, त्याप्रमाणे मदरबोर्ड तिघींचा एकच असतो, आणि खरे कौशल्य लागते ते तेथेच. बोर्डावरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ मांडते, लिनक्स ती ग्रीनिचची समजते. त्यामुळे आपल्याकडे सकाळी दहाला ड्राइव्ह बदलला तर लिनक्स दुपारचे साडेतीन वाजल्याचे सांगते, व एकीला दुसरीची रीत पत्करावयास लावल्यावाचून हा तंटा मिटत नाही. कोणती प्रणाली कोठून सुरू करावी याची यूईएफआयची नोंदही बोर्डाच्याच स्मृतीत असते. ड्राइव्ह दिसेनासा झाला की काही बोर्ड ती परस्पर खारीज करतात, म्हणून प्रत्येक ड्राइव्हवर यूईएफआयने ठरवून दिलेल्या जागी प्रारंभाच्या फाइलीची एक प्रत असलेली बरी. फ्रीबीएसडीसाठी सिक्युअर बूट बंद करावे, तर तो बदल टीपीएमच्या नजरेतून सुटत नाही, आणि पुढे विंडोजचा ड्राइव्ह सारताच बिटलॉकर 48 अंकी किल्ली मागत वाट अडवून उभे राहते.

म्हणून नवा ड्राइव्ह विकत घेण्यापूर्वी मी सामाईकाची यादी करतो: घड्याळ, प्रारंभाची नोंद, किल्ल्या. विभक्त होण्याचे साहित्य बाजारात सहज मिळते; सामाईकाचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो.